एका मिथाइलने एवढा फरक का पडतो? मेंदूवर काम करणारी औषधं आणि रासायनिक बंध

बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: मॉर्फिन आणि कोडीन या अफूतल्या वेदनाशामकांच्या रचनेत फक्त एका मिथाइल गटाचा (एक कार्बन, तीन हायड्रोजन) फरक आहे, तरी परिणामात इतकी तफावत कशी? त्याला जोडून दुसरा: सगळ्यांत बळकट बंध सहसंयुज (दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला), मग मेंदूशी सहसंयुज बंध करणारं औषधच सगळ्यांत प्रभावी का ठरत नाही?

दुसरा प्रश्न नीट सोडवला की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं. औषधाच्या बाबतीत बंधांचा विचार दोन ठिकाणी करावा लागतो. एक, रेणूच्या आत. तिथले बंध सहसंयुज असतात. ते रेणूचा आकार ठरवतात आणि रिसेप्टरवर (पेशीवरचं प्रथिन, ज्याला औषध चिकटतं) काम चालू असताना सहसा तुटत नाहीत. दुसरं, रेणू आणि त्याच्या भोवतालच्या गोष्टी यांच्यात: पाणी, पेशीपटलातली चरबी, रिसेप्टरची खोबण. हे बंध कमजोर असतात, क्षणाक्षणाला जुळतात आणि सुटतात. मिथाइल लावला की बदल आतल्या बंधात होतो, पण त्याचे परिणाम दिसतात बाहेरच्या बंधांच्या हिशेबात.

हा हिशेब आकड्यांत पाहा, कारण शब्दांत तो पटत नाही. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला सुमारे ३४७ किलोज्यूल प्रति मोल लागतात. हायड्रोजन बंधाला साधारण १० ते ३०. व्हॅन डर वाल्स आकर्षण (जवळ आलेल्या अणूंमधली हलकी ओढ) एकेका अणूजोडीमागे जेमतेम १ ते ४. आणि ३७ अंश सेल्सिअसला नुसत्या उष्णतेची धडपड (आरटी, म्हणजे वायू स्थिरांक गुणिले तापमान) असते २.६ किलोज्यूलच्या आसपास. म्हणजे एकटंदुकटं व्हॅन डर वाल्स आकर्षण शरीराच्या तापमानालाही टिकत नाही. अशी दहा-वीस एकदम जुळली तरच काही अर्थ.

आता एखादं औषध रिसेप्टरला १ नॅनोमोलर (लिटरमागे मोलचा अब्जावा भाग औषध असलं तरी निम्मे रिसेप्टर भरतात) इतक्या जोराने चिकटतं असं धरा. हे उत्तम चिकटणं समजलं जातं. त्याची मुक्त ऊर्जा काढली (आरटी गुणिले त्या सांद्रतेचा नैसर्गिक लॉगरिदम) तर सुमारे ५३ किलोज्यूल येते. एका कार्बन-कार्बन बंधाच्या एक षष्ठांशाहूनही कमी! अख्खं औषध एवढ्याशा ऊर्जेवर रिसेप्टरला धरून असतं. याच सूत्रातून निघणारा आणखी एक आकडा पाठच करून ठेवा: ३७ अंशांना ५.९ किलोज्यूलचा फरक पडला की चिकटण्याची ताकद दहापट बदलते. एक बरासा हायड्रोजन बंध गेला की दहापट, दोन गेले की शंभरपट. एका मिथाइलचा फरक ‘छोटा’ का नसतो ते यातच आलं.

इथे एक चूक फार जण करतात. हायड्रोजन बंध २० किलोज्यूलचा आहे म्हणजे रेणूवर एक ओएच वाढवला की २० किलोज्यूल पदरात पडले, असा हिशेब मांडतात. तसं होत नाही. तो ओएच रिसेप्टरपाशी पोहोचण्याआधी पाण्याला धरून असतो. आधी पाण्याशी असलेले बंध तुटतात, मग रिसेप्टरशी नवे जुळतात, आणि हाती उरते ती फक्त वजाबाकी. बऱ्याचदा २ ते ६ किलोज्यूल. जोडीदार चुकीच्या दिशेला असेल तर वजाबाकी उणेही येते, आणि जास्तीचा ओएच लावून औषध आणखी बिघडतं.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. मात्रा किती, औषध तोंडाने घेतलं की शिरेतून, यकृतातली एन्झाइम्स कोणत्या जातीची, सोबत दुसरं काय चालू आहे, शरीराला सवय झाली आहे का. रचनेच्या चित्रात यातलं काहीच दिसत नाही. रचना पाहून ‘का’ सांगता येतं, ‘किती’ क्वचितच.

आता मॉर्फिन. त्यात तीन जागा महत्त्वाच्या: नायट्रोजन, तिसऱ्या कार्बनवरचा फिनॉलचा ओएच आणि सहाव्या कार्बनवरचा अल्कोहोलचा ओएच. नायट्रोजनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो आकडा) सुमारे ८ आहे. रक्ताचा पीएच ७.४, म्हणजे साधारण ८० टक्के रेणूंच्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसलेला आणि धन प्रभार आलेला. म्यू ओपिऑइड रिसेप्टरच्या (मॉर्फिनसारखी औषधं मुख्यतः इथेच बसतात) खोबणीत ॲस्पार्टेट १४७ हा ऋण प्रभाराचा अवशेष, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतलं १४७ वं अमिनो आम्ल (हा क्रमांक उंदराच्या रिसेप्टरमधला) त्याची वाटच पाहत असतो. प्रभारांचं हे आकर्षण म्हणजे मुख्य नांगर. दुसऱ्या टोकाला फिनॉलचा ओएच पाण्याच्या दोन रेणूंमार्फत हिस्टिडिन २९७ पर्यंत हायड्रोजन बंधांची साखळी तयार करतो. मधली कडक वलयं खोबणीच्या तेलकट भिंतींना चिकटून बसतात.

कोडीनमध्ये त्या फिनॉलवरच मिथाइल बसवलेला आहे. ओएचचा हायड्रोजन गेला, म्हणजे त्या जागेहून हायड्रोजन बंध देता येत नाही. शिवाय मिथाइलला जागा लागते आणि पाण्याच्या त्या दोन रेणूंची मांडणी विस्कटते. म्यू रिसेप्टरवर कोडीनची पकड मॉर्फिनच्या तुलनेत सुमारे दोनशे पटीने कमी आहे. वरच्या सूत्रात घाला: १३ ते १४ किलोज्यूल. एखाद-दुसरा हायड्रोजन बंध आणि थोडी अडचण, एवढ्यात हिशेब जुळतो.

मग कोडीनने वेदना कमी होतात त्या कशा? यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम कोडीनच्या ५ ते १० टक्के भागावरचा तोच मिथाइल काढून टाकतं आणि मॉर्फिन तयार होतं. वेदनाशामक काम मुख्यतः या मॉर्फिनचं. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतः निकामी असतं त्यांना कोडीनचा फारसा उपयोग होत नाही; पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तरी एन्झाइम अडवलं जातं आणि तोच प्रकार होतो. उलट ज्यांच्यात ते अतिवेगाने चालतं त्यांच्यात नेहमीच्या मात्रेतही मॉर्फिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध ठळक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी ते निषिद्ध ठरवलं, त्यामागे हेच कारण. एका कार्बन-ऑक्सिजन बंधाचं तुटणं कोणाच्या यकृतात किती वेगाने होतं, यावर औषध की विष हे ठरू शकतं.

पकड घट्ट असणं आणि परिणाम होणं या मात्र दोन गोष्टी आहेत, आणि परीक्षेतली उत्तरं इथे हमखास घसरतात. नॅलॉक्सोन हे मॉर्फिनचा उतारा म्हणून दिलं जाणारं औषध पाहा. वलयांचा सांगाडा मॉर्फिनच्याच घराण्यातला, पण नायट्रोजनवर मिथाइलऐवजी ॲलिल गट. म्यू रिसेप्टरवर ते मॉर्फिनइतकंच किंवा जास्त घट्ट बसतं, तरी रिसेप्टर चालू करत नाही. उलट तिथून मॉर्फिनला हटवतं. ओपिऑइडच्या अतिमात्रेत ते जीव वाचवतं ते याचमुळे. कुलूप-किल्लीची उपमा इथे तोकडी पडते: रिसेप्टर स्वतः आकार बदलत असतो, आणि औषधाच्या कमजोर बंधांनी त्याच्या कोणत्या आकाराला जास्त आधार मिळतो त्यावर परिणाम ठरतो. जाता जाता एक व्यवहारातली गोष्ट: नॅलॉक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, बरीच ओपिऑइड्स त्याहून जास्त वेळ टिकतात, म्हणून रुग्ण शुद्धीवर आला म्हणजे धोका टळला असं समजायचं नसतं.

रिसेप्टरपर्यंत पोहोचण्याआधी रक्त-मेंदू अडथळा पार करावा लागतो. हा अडथळा मुळात चरबीचा पडदा आहे. रेणूवरचा प्रत्येक ओएच आणि एनएच पाण्याला धरून ठेवतो. पडद्यात शिरायचं तर ते पाणी सोडावं लागतं, आणि सोडण्याची किंमत मोजावी लागते. औषध आखणारे म्हणूनच ढोबळ मर्यादा पाळतात: हायड्रोजन बंध देणारे गट तीनपेक्षा जास्त नकोत, ध्रुवीय पृष्ठभाग ९० चौरस अँगस्ट्रॉमच्या आत, रेणुभार ४५० च्या आसपास किंवा कमी. डोपामिन छोटं असूनही दोन फिनॉल आणि एका प्रभारित अमाइनमुळे आत जात नाही. त्याच्याहून जास्त ध्रुवीय असलेलं एल-डोपा जातं, पण ते अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून. वाहकाचा दरवाजा असेल तर वरचे नियम लागू पडत नाहीत, हे विसरू नका.

मॉर्फिनचे दोन्ही ओएच ॲसिटाइल गटांनी झाकले की हेरॉइन होतं. पाण्याला धरणारे दोन्ही हात गेल्यामुळे ते मेंदूत मॉर्फिनपेक्षा कितीतरी लवकर शिरतं. गंमत अशी की रिसेप्टरवर मात्र हेरॉइन स्वतः कमकुवत आहे. आत गेल्यावर एस्टरेझ एन्झाइम्स ॲसिटाइल काढतात आणि खरं काम ६-मोनोॲसिटाइलमॉर्फिन व मॉर्फिन करतात. व्यसनाची तीव्रता बऱ्याच अंशी या वेगातून येते.

हायड्रोजन बंधाची करामत सगळ्यांत स्वच्छ दिसते ती सिलोसिन (भ्रम निर्माण करणाऱ्या अळंब्यांमधून शरीरात तयार होणारा रेणू) आणि बुफोटेनिन या जोडीत. दोघांचं रेणुसूत्र एकच, दोघेही डायमिथाइलट्रिप्टामिन, दोघांवर एकेक ओएच. सिलोसिनमध्ये तो इंडोल या जोडवलयाच्या चौथ्या जागी, बुफोटेनिनमध्ये पाचव्या. चौथ्या जागेवरून तो ओएच बाजूच्या साखळीतल्या नायट्रोजनपर्यंत पोहोचतो आणि रेणूच्या आतल्या आतच हायड्रोजन बंध होतो, जणू एक खोटं वलय. पाचव्या जागेवरून हात पुरत नाही. परिणाम पाहा: नायट्रोजनचा पीकेए सिलोसिनमध्ये सुमारे ८.५, बुफोटेनिनमध्ये सुमारे ९.७. पीएच ७.४ ला सिलोसिनचे ७ ते ८ टक्के रेणू प्रभाराविना असतात, बुफोटेनिनचे अर्धा टक्का. शिवाय सिलोसिनचा ओएच स्वतःतच गुंतल्यामुळे पाण्याला कमी धरतो. म्हणून सिलोसिन मेंदूत सहज जातं आणि बुफोटेनिन मोठ्या प्रमाणात बाहेरच राहतं. अळंबीत असतं ते सिलोसायबिन, म्हणजे फॉस्फेट लावलेलं रूप. ते प्रभारित असल्याने तसंच आत जात नाही, आधी शरीरातलं फॉस्फटेझ फॉस्फेट कापतं.

रोजच्यातलं उदाहरण हवं असेल तर कॅफीन आणि थिओब्रोमिन. कॅफीनच्या तीन नायट्रोजनवर मिथाइल, थिओब्रोमिनच्या दोनच, तिसरा एनएच मोकळा. कॅफीनचा रेणू जड असूनही सुमारे २३६ अंशांना वितळतो, हलकं थिओब्रोमिन मात्र ३५० अंशांच्या पुढे, कारण त्याचे रेणू त्या एनएचने एकमेकांना धरून बसतात. तरतरी कॉफीतून जितकी येते तितकी कोकोतल्या थिओब्रोमिनमधून येत नाही. तिथे ॲडेनोसिन रिसेप्टरवरची पकडही कमी पडते, त्यामुळे सगळं श्रेय एका एनएचला देऊ नका.

आता प्रभाराकडे वळू, कारण याचं उदाहरण आपल्याकडे तळहातावर मळलं जातं. निकोटिनच्या पायरोलिडिन नायट्रोजनचा पीकेए सुमारे ८. पीएच ६ ला फक्त १ टक्का निकोटिन प्रभाराविना असतं. ७.४ ला २० टक्के, ९ ला ९० टक्क्यांच्या वर. तोंडाच्या अस्तरातून प्रभार नसलेलं रूपच चटकन शिरतं. तंबाखूत चुना घातला की पीएच चढतो, निकोटिनवरचा प्रोटॉन निघतो आणि तेवढ्याच तंबाखूतून ते कितीतरी वेगाने रक्तात जातं. निकोटिनच्या सहसंयुज बंधाला चुन्याने हातही लावलेला नाही, सरकला तो एक प्रोटॉन. (अस्तराला भाजण्याचं काम चुना वेगळं करतोच.)

तंबाखू सोडवण्यासाठी दिलेल्या २ किंवा ४ मिलिग्रॅमच्या निकोटिन गममध्येही याच कारणासाठी कार्बोनेट-बायकार्बोनेट असतं. ‘गमचा उपयोग होत नाही’ अशी तक्रार आली की आधी विचारायचं: सोबत कॉफी, लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक चालू आहे का? आम्लाने तोंडातला पीएच उतरतो, प्रोटॉन परत बसतो आणि निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं. तिथून यकृतात बराच भाग वाया. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना काही खायचं-प्यायचं नाही. हळू चावायचा, झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायचा.

मेंदूत पोहोचल्यावर मात्र उलटं हवं असतं. तिथे प्रोटॉन बसलेलं निकोटिनच रिसेप्टरला धरतं: त्याचा धन प्रभार ट्रिप्टोफॅनच्या वलयावरच्या पाय इलेक्ट्रॉनच्या ढगाशी जुळतो. याला कॅटायन-पाय आकर्षण म्हणतात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की हे आकर्षण मेंदूतल्या अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टरवर जुळतं, पण स्नायूंवरच्या रिसेप्टरवर तोच ट्रिप्टोफॅन असूनही निकोटिनशी जुळत नाही. कारण शेजारचा एक अवशेष: मेंदूत तिथे लायसिन, स्नायूत ग्लायसिन. म्हणून तंबाखूने तलफ लागते, पण सगळे स्नायू आखडत नाहीत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. मेंदूत सहसंयुज बंध करणारी औषधं आहेत. नैराश्यावरची फेनेल्झिन आणि ट्रॅनिलसायप्रोमिन, पार्किन्सन्समध्ये दिलं जाणारं सेलेजिलिन. ही मोनोअमाइन ऑक्सिडेझ या एन्झाइमला चिकटतात. सेलेजिलिनचा प्रोपार्जिल गट एन्झाइममधल्या एफएडी या सहघटकाच्या पाचव्या नायट्रोजनशी सहसंयुज बंध करतो. तो एन्झाइम रेणू कायमचा बाद. औषध रक्तातून काही तासांत निघून जातं, पण पेशी नवं एन्झाइम बनवेपर्यंत असर राहतो. म्हणून अशा औषधानंतर फ्लुओक्सेटिनसारखं औषध सुरू करण्याआधी किमान १४ दिवस थांबतात, आणि तोवर टायरामिन असलेलं मुरवलेलं चीज वगैरे बंद. रक्तातली पातळी शून्य दिसली म्हणून लवकर सुरू करणं इथे जिवावर बेतू शकतं. उलट दिशेने, फ्लुओक्सेटिन थांबवून हे औषध द्यायचं असेल तर पाच आठवडे थांबतात. पण तिथे सहसंयुज बंधाचा काही संबंध नाही. फ्लुओक्सेटिन आणि त्याचं नॉरफ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात, एवढंच. दोन्हीकडे ‘थांबा’ आहे, कारणं वेगळी.

बळकट बंधाची अडचण कळली असेल. तो झाला की मागे फिरता येत नाही. मात्रा कमी करून परिणाम कमी करता येत नाही, चूक झाली तर नॅलॉक्सोनसारखा उतारा चालत नाही, आणि इतका क्रियाशील गट भलत्याच प्रथिनालाही जाऊन चिकटू शकतो. मेंदूची स्वतःची रसायनं मिलिसेकंदांत बसतात आणि उठतात. बहुतेक वेळा औषधालाही तसंच उठता यायला हवं.

आयनिक बंधाचं टोकाचं उदाहरण लिथियम. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग नोंदवला. इथे सांगाडा, वलय, काहीच नाही. लिथियम कार्बोनेट पोटात विरघळलं की आयनिक बंध संपला. कार्बोनेटला काही काम नाही, औषध म्हणजे नुसता लिथियम आयन. ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत तो ८.१ मिलिमोल असतो. आकाराने तो मॅग्नेशियम आयनच्या इतका जवळ आहे की मॅग्नेशियम वापरणाऱ्या काही एन्झाइम्सना अडवतो. आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं: मीठ एकदम तोडलं, जुलाब झाले किंवा थायाझाइड (लघवी वाढवणारं औषध) सुरू केलं की लिथियम आत साठत जातं. उपचाराची पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर आणि १.५ च्या पुढे विषबाधा, त्यामुळे चूक व्हायला फारशी जागा नसते.

तुमच्यासमोर दोन रचना आल्या तर मी पाहतो तो क्रम असा: आधी नायट्रोजन शोधा आणि त्याचा पीकेए बघा. मग ओएच-एनएच मोजा, त्यातला कोणता रेणूच्या आतच गुंतलाय ते पाहा. मग शरीरात कोणता बंध कापला जाईल (एस्टर, फॉस्फेट, एन-मिथाइल, ओ-मिथाइल) ते ओळखा. शेवटी त्रिमिती मांडणी. सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या औषधाच्या दोन आरसा-रूपांत सगळे सहसंयुज बंध तेच असतात, काम मात्र मुख्यतः एस रूप करतं. म्हणून २० मिलिग्रॅम सिटॅलोप्रॅमच्या जागी १० मिलिग्रॅम एससिटॅलोप्रॅम देतात.

वाचून समाधान झालं नसेल तर प्रोटीन डेटा बँकेतून ४डीकेएल ही रचना उघडा, फुकट आहे. उंदराचा म्यू रिसेप्टर आहे, २०१२ चा. त्यात बसलेलं बीटा-फ्युनालट्रेक्सामिन मॉर्फिनच्याच घराण्यातलं आहे. नायट्रोजनपासून ॲस्पार्टेट १४७ पर्यंतचं अंतर मोजा, फिनॉलपासून हिस्टिडिन २९७ कडे जाणारे पाण्याचे दोन रेणू शोधा, आणि लायसिन २३३ पाशी औषधाचा सहसंयुज बंध दिसेल. तिन्ही प्रकार एकाच खोबणीत आहेत. दोन गोष्टी सांभाळा: हे औषध रिसेप्टर चालू करणारं नाही, त्यामुळे दिसतो तो बंद आकार, आणि आतल्या बाजूला लोंबणारा मोठा गोळा रिसेप्टरचा नाही, स्फटिक व्हावेत म्हणून जोडलेलं टी४ लायसोझाइम आहे. त्याच्यातले बंध मोजत बसू नका.